केळं, वॉर्निश आणि मधल्या टाळ्या : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये राग बराच आहे. केळ्यावर राग, माइकवर राग, सूप फेकणाऱ्यांवर राग आणि मध्येच टाळ्या वाजवणाऱ्यांवर तर सगळ्यांत जास्त. रागाला आमची हरकत नाही. ज्याला कलेची पर्वा नाही तो चिडतही नाही. पण बऱ्याच पत्रांत काम घडतं कसं हे न पाहताच निकाल देऊन टाकलेला दिसतो. म्हणून खालच्या उत्तरांत आधी कामाची घडण सांगितली आहे, आमचं मत त्यानंतर.

प्रश्न : भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं लाखो डॉलरला विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं ते खाऊन टाकलं. मग त्यानं नेमकं विकत घेतलं काय? मी माझ्या भिंतीवर केळं चिकटवलं तर ती तीच कलाकृती का नाही?

उत्तर : इटालियन कलाकार मौरित्सिओ कातेलान यांचं 'कॉमेडियन' हे काम डिसेंबर २०१९ मध्ये मायामी बीचच्या 'आर्ट बाझल' मेळ्यात पहिल्यांदा भिंतीवर आलं. त्याच्या तीन प्रती विक्रीला होत्या. पहिल्या दोन प्रत्येकी १,२०,००० डॉलरला गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोदबीजच्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात एक प्रत शुल्क धरून सुमारे ६२ लाख डॉलरला गेली. ती घेणारे क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी केळं खाल्लं, पण काम संपलं नाही. त्यांनी घेतलं होतं ते प्रमाणपत्र आणि त्यासोबतच्या मांडणीच्या सूचना. केळं जमिनीपासून १७५ सेंटिमीटर उंचीवर लावायचं आणि सात ते दहा दिवसांनी बदलायचं, अशा त्या सूचना आहेत. केळं आणि पट्टी ही नाटकातल्या रोज बदलायच्या सामानासारखी आहे. संहिता कपाटात सुरक्षित असते.

तुम्ही घरी केळं चिकटवलंत तर तुम्हाला कुणी अडवणार नाही. कातेलान यांच्यावर एका दुसऱ्या कलाकारानं नकलेचा दावा लावला होता. २०२३ मध्ये मायामीच्या न्यायालयानं तो फेटाळला, कारण केळं भिंतीला चिकटवणं ही नुसती कल्पना आहे आणि कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. फक्त त्याला कातेलान यांचं काम म्हणून विकायला प्रमाणपत्र लागेल.

ही पद्धत नवीही नाही. अमेरिकन कलाकार सोल लेविट यांनी १९६८ पासून भिंतचित्रं अशीच विकली. खरेदीदाराला प्रमाणपत्र आणि आकृती मिळायची आणि रेषा ओढायचं काम दुसरे लोक करायचे. तेव्हा 'कलाकाराचा हात लागला नाही' हा आक्षेप आम्हाला पटत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे : सूचना पाळल्यावर समोर उभं काय राहतं?

कलाकार फेलिक्स गोन्सालेस-तोरेस यांचं १९९१ मधलं काम पाहा. रंगीत कागदातल्या, चघळायच्या गोड गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे जवळपास ७९ किलो. पाहणाऱ्यानं एक गोळी उचलायची आणि ढीग कमी होत जायचा. त्यांचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सनं गेला होता. हे वजन त्याच्या निरोगी शरीराचं, असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं भिंतीवरच्या फलकातून रॉस आणि एड्सचा उल्लेख काढला तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि तो परत घालावा लागला. गदारोळ योग्यच होता. तो मजकूर काढला की तोंडात विरघळणारी गोळी फक्त गोळी राहते. केळंही सूचनेवर उभं आहे आणि हा ढीगही. पण केळं एकदा हसवून बाजाराबद्दल बोलत राहतं, आणि ढीग तुमच्या हातून कमी होतो. आमच्या लेखी दुसरं काम कितीतरी मोठं आहे.

असं काम घ्यायचं झालंच तर तीन गोष्टी लेखी घ्या : मांडणी कोण करू शकतो, कोणता भाग बदलता येतो आणि तो भाग बाजारातून गेला तर काय करायचं. अमेरिकन कलाकार डॅन फ्लेविन यांची कामं साध्या दुकानी फ्लोरोसंट नळ्यांची होती. त्या नळ्यांचं उत्पादन आता बंद होत चाललंय आणि संग्रहालयांना साठा करून ठेवावा लागतोय. प्रमाणपत्राचा मूळ कागद हरवला तर वस्तू हातात असूनही विकणं जवळजवळ अशक्य होतं.

प्रश्न : रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'वरचं वॉर्निश काढण्याचं काम सुरू आहे. साडेतीनशेहून जास्त वर्षांच्या चित्राला हात लावायचाच कशाला? वॉर्निशबरोबर रंगही निघाला तर?

उत्तर : ही भीती खरी आहे आणि हे काम करणाऱ्यांना ती तुमच्यापेक्षा जास्त असते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१९ मध्ये या १६४२ च्या चित्राचा अभ्यास सुरू केला, तोही काचेच्या खोलीत, लोकांसमोर. वॉर्निश काढायला सुरुवात झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. म्हणजे पाच वर्षं नुसतं पाहण्यात, मोजण्यात आणि चाचण्यांत गेली.

आता निघतंय ते वॉर्निश रेम्ब्रांटनं लावलेलं नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये एकानं या चित्रावर चाकूनं वार केले. त्यानंतरच्या १९७५-७६ च्या दुरुस्तीत एक थर लावला गेला आणि १९८१ मध्ये आणखी एक. कधीचा थर, कुणी लावला, हे कागदोपत्री माहीत आहे, आणि हा फार मोठा फायदा आहे. वॉर्निश हा मुळात बळी द्यायचाच थर असतो. १९९० मध्ये याच चित्रावर आम्ल फवारलं गेलं. पहारेकऱ्यांनी लगेच पाणी मारलं आणि आम्ल वॉर्निशच्या थरातच अडलं. रंगापर्यंत पोहोचलंच नाही.

पद्धत अशी : छोट्या शोषक कापडाच्या तुकड्यात अगदी मोजकं द्रावक घेतात आणि तो तुकडा थोडा वेळच चित्रावर ठेवतात. मऊ झालेलं वॉर्निश कापडात शोषलं जातं. उरलेलं कापसाच्या बोळ्यावर, न घासता, बोळा फिरवत उचलतात. घासलं तर उंचावलेल्या रंगाच्या कडा झिजतात. जुनं तैलरंग घट्ट जाळीसारखं जमलेलं असतं, वॉर्निश त्यापेक्षा लवकर विरघळतं आणि सगळं काम या फरकावर चालतं. पण द्रावक जास्त वेळ राहिलं तर रंगाचा थर फुगतो, आणि फुगलेल्या थरावर बोळा फिरला की नुकसान झालंच. सर्वांत नाजूक असतात पातळ पारदर्शक थर, विशेषतः गडद भागातले. म्हणून आधी कडेला नखाएवढी चाचणी करतात, सौम्य द्रावकापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक बोळा उजेडात पाहतात. कापसावर पिवळट-तपकिरी डाग आला तर ठीक. रंगाची छटा दिसली की त्याच क्षणी थांबायचं. अतिनील प्रकाशात जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतरची डागडुजी काळपट दिसते. कुठे कुणाचा हात आहे ते त्यावरून कळतं.

सिस्टीन चॅपेलच्या छताची स्वच्छता १९८० च्या दशकात झाली, तेव्हाचा वाद वेगळा होता. तिथे ओल्या गिलाव्यावरच्या चित्रावर काजळी आणि सरस यांचे थर होते. त्यातला काही भाग मायकेलअँजेलोनं स्वतः कोरड्या भिंतीवर दिलेली छाया होती का, हा टीकाकारांचा प्रश्न होता. जे निघालं ते परत लावता येत नाही, म्हणून तो वाद आजही मिटलेला नाही. 'नाइट वॉच'चं तसं नाही आणि आम्ही या कामाच्या बाजूनं आहोत.

प्रश्न : व्हॅन गॉगच्या 'सूर्यफुलां'वर सूप फेकलं तेव्हा चित्राला काहीच झालं नाही. मग दोन वर्षांची कैद अति नाही का?

उत्तर : शिक्षेची मोजदाद न्यायालयाची. तांत्रिक बाजू आम्ही सांगतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १४ ऑक्टोबर २०२२ ला हे घडलं. चित्रापुढे काच होती म्हणून चित्र वाचलं, पण जुन्या चौकटीला इजा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सूप फेकणाऱ्या दोन हवामान-आंदोलकांपैकी एकीला दोन वर्षांची आणि दुसरीला वीस महिन्यांची शिक्षा झाली. काच म्हणजे डबा नव्हे. काच आणि चौकट यांच्या फटीतून द्रव खाली ओढला जातो आणि कॅनव्हासच्या खालच्या कडेला पोहोचू शकतो. काच होती म्हणून धोका नव्हता, असं म्हणता येत नाही. फेकणाऱ्यांचा मुद्दा पृथ्वीचा होता आणि तो मोठा आहे, पण तो या फटीवर सोडून द्यायला नको होता.

प्रश्न : आमच्या चित्रस्पर्धेत एआयनं बनवलेली चित्रं येऊ लागली आहेत. ओळखायची कशी? बंदी घालावी का?

उत्तर : सहा बोटं मोजून ओळखायचे दिवस गेले. ओळखून देणारी सॉफ्टवेअरही भरवशाची नाहीत. ती खऱ्या चित्रकाराला खोटं ठरवतात, आणि तो अन्याय फार कडू असतो. चित्राऐवजी प्रक्रिया मागा. डिजिटल चित्रासाठी थर शाबूत असलेली मूळ फाइल, छायाचित्रासाठी कॅमेऱ्याची कच्ची फाइल आणि आजूबाजूच्या दोन-तीन क्लिक, हातानं काढलेल्या चित्रासाठी निदान दोन टप्प्यांचे फोटो. ही अट प्रवेशपत्रिकेतच छापा, निकालानंतर मागू नका.

नियम नसला की काय होतं याची दोन उदाहरणं आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत कोलोराडो राज्याच्या जत्रेत डिजिटल विभागाचं पहिलं बक्षीस मिडजर्नी या एआय साधनानं बनवलेल्या चित्राला गेलं. तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं पुढे त्याची नोंदणी नाकारली. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेतलं बक्षीस स्वतःच नाकारलं, कारण त्यांचं 'छायाचित्र' एआयचं होतं आणि परीक्षकांची तयारी नाही हेच त्यांना दाखवायचं होतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं, कॉपीराइटसाठी निर्माता माणूसच हवा, असं सांगितलं.

सरसकट बंदी आम्हाला नको वाटते, वेगळा विभाग हवा. १७१५ मध्ये 'नाइट वॉच' नव्या जागेत बसवण्यासाठी चारही बाजूंनी कापलं गेलं होतं. २०२१ मध्ये त्या हरवलेल्या पट्ट्या जुन्या नकलेच्या आधारे एआयकडून तयार करून चित्राभोवती लावल्या गेल्या, काही काळ ठेवून काढूनही घेतल्या. काय यंत्राचं आहे ते सांगितलेलं, मूळ चित्राला धक्का नाही आणि काढता येण्याजोगं. तुमच्या नियमावलीतही एवढं आलं तर पुरेसं आहे.

प्रश्न : ऑपेराचे गायक माइकशिवाय मोठं नाट्यगृह भरतात. मग म्युझिकलमध्ये प्रत्येकाच्या कपाळावर माइक का? आता साध्या नाटकातही तो आलाय. आवाजाची तालीम संपली का? शिवाय आमच्या हौशी गटानं माइक लावले तर शिट्टी वाजते आणि आवाज नटाकडून न येता भिंतीतून आल्यासारखा वाटतो.

उत्तर : तालीम संपलेली नाही, तालमी दोन वेगळ्या आहेत. वाद्यवृंदाची सर्वाधिक ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यावर ती उतरत जाते. ऑपेराचा गायक स्वरयंत्र खाली ठेवतो, त्याच्या लगतची नळी अरुंद करतो आणि घशामागची जागा मोकळी सोडतो. त्यानं आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक टोक तयार होतं. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी ते सविस्तर मोजलं. नेमक्या त्या पट्ट्यात वाद्यं कमजोर असतात आणि आपला कान सर्वांत तीक्ष्ण. गायक वाद्यवृंदापेक्षा मोठ्यानं गात नाही, त्याच्या फटीतून गातो. याची किंमत शब्द मोजतात. वरच्या सुरांत अ, इ, उ हे स्वर एकमेकांत मिसळतात, व्यंजनं हरवतात. १९८३ मध्ये टोरंटोत 'इलेक्ट्रा' या ऑपेराच्या वेळी पहिल्यांदा मंचाच्या वर अक्षरं दाखवली गेली आणि ती पद्धत जगभर पसरली, ती उगाच नाही.

म्युझिकलला शब्द हवेत, बोलण्याजवळचा गळा हवा आणि सोबत ड्रम, विजेची गिटार असते. तिथे माइक नको म्हणणं म्हणजे तो प्रकारच नको म्हणणं. नाटकाचं मात्र पाहावं लागतं. कुजबूज कुजबुजीसारखीच शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची असेल तर माइक हे दिग्दर्शकाचं हत्यार आहे. खोलीचा दोष झाकायला लावला असेल तर चूक आहे. आधी खोली तपासा. बोलण्यासाठी घुमार, म्हणजे आवाज थांबल्यावरही घुमत राहणारा नाद, साधारण एक सेकंदाचा हवा, वाद्यवृंदाच्या सभागृहात तो दोन सेकंदांच्या आसपास असतो. रिकाम्या सभागृहात तो जास्त असतो, प्रेक्षक भरले की कमी होतो, म्हणून तालमीवरून घाबरू नका. प्रोजेक्टर आणि दिव्यांचे पंखे एकेक बंद करून ऐका. कित्येकदा माइकची गरज तिथेच संपते.

तरीही लावायचा असेल तर छातीवर नको. मान वळली की आवाज पडतो आणि कपडा खसखसतो. कपाळावर केस सुरू होतात तिथे मधोमध किंवा कानावरून गालाकडे लावा. वायर त्वचेच्या टेपनं बसवा आणि माइकच्या तोंडाच्या जरा मागे टेपचं बारीक कडं गुंडाळा. घाम तारेवरून उतरतो आणि कड्यावर थबकतो. आवाज अचानक गढूळ झाला तर बहुतेक वेळा माइकच्या तोंडात घामाचा थेंब गेलेला असतो. विंगेत एक सुका माइक तयार असावा. बॅटरी प्रत्येक प्रयोगाला नवी किंवा पूर्ण भरलेली.

शिट्टीचं कारण असं : स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज जितका वाढवता येतो ती सवलत ३ डेसिबलनं घटते. एकाऐवजी आठ उघडे ठेवलेत तर ९ डेसिबल गेले. म्हणून स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा. यंत्रावर बसणाऱ्याच्या हातात संहिता असायलाच हवी, आणि ज्याचं वाक्य आहे त्याचाच माइक उघडा ठेवायचा. दोन पात्रं मिठी मारतात तिथे एक माइक बंद करा. नाहीतर एकच आवाज दोन माइकांत किंचित मागेपुढे शिरतो आणि डब्यातून आल्यासारखा लागतो.

आता भिंतीतून येणारा आवाज. कान पहिल्यांदा पोहोचलेल्या आवाजाची दिशा धरतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. नट स्पीकरच्या सहा मीटर मागे उभा असेल तर त्याचा स्वतःचा आवाज सुमारे १८ मिलिसेकंद उशिरा येतो. तोवर कानानं स्पीकरची बाजू पकडलेली असते. स्पीकरला १८ आणि वर ५ ते १० असा एकूण २५ मिलिसेकंदांच्या आसपास विलंब द्या. आता नट आधी पोहोचतो, स्पीकर मागून फक्त बळ देतो आणि प्रेक्षक नटाकडे पाहतो. फार वाढवू नका, ५० मिलिसेकंदांच्या पुढे प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. हे साधलं की माइक आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तुमच्या पत्रातली निम्मी तक्रार तिथेच विरते.

प्रश्न : नाटकं आता पडद्यावर दाखवतात. तो अनुभव नाटकाचा की सिनेमाचा? आम्ही आमचा प्रयोग चित्रित केला तर तो अगदी निर्जीव दिसला.

उत्तर : न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं डिसेंबर २००६ मध्ये आणि लंडनच्या नॅशनल थिएटरनं जून २००९ मध्ये हे सुरू केलं. दूर राहणाऱ्यांना त्यामुळे ही कामं पाहता आली, याचं मोल मोठं आहे. पण नाट्यगृहात कुठे पाहायचं हे तुम्ही ठरवता, पडद्यावर दुसरं कुणी ठरवतं. एक जण बोलत असताना कोपऱ्यात गप्प बसलेल्याचा चेहरा तुम्ही पाहिला नसेल, तर ते नाटक तुम्ही अर्धंच पाहिलं.

तुमचं चित्रण मेलं ते बहुधा स्वयंचलित प्रकाशमापनामुळे. काळा मंच आणि एक उजळ चेहरा दिसला की कॅमेरा सगळं उजळवतो आणि चेहरा पांढरा फटक पडतो. माप चेहऱ्यावर घ्या आणि ते कुलूपबंद करा, रंगाचा तोलही हातानं ठरवा. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५०, ६० ची असेल तर १/६०, म्हणजे दिवे लुकलुकणार नाहीत. एक कॅमेरा पूर्ण मंचावर स्थिर, दुसरा हलता. आवाज कॅमेऱ्याचा घेऊ नका. मिक्सरचा आवाज वेगळा आणि सभागृहातले दोन माइक वेगळे असे घ्या. प्रेक्षकांचा श्वास त्या दोन माइकांतच येतो.

प्रश्न : सिम्फनी ही वाद्यवृंदाची अनेक भागांची रचना. तिच्या दोन भागांच्या मधे लोक टाळ्या वाजवतात आणि बाकीचे त्यांच्याकडे डोळे वटारतात. बरोबर कोण?

उत्तर : डोळे वटारणारे चुकतात असं आमचं स्पष्ट मत आहे. मोत्सार्टनं ३ जुलै १७७८ ला पॅरिसहून वडिलांना आपल्या नव्या सिम्फनीबद्दल लिहिलं की, पहिल्या भागाच्या मध्यावरची एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं ती शेवटी पुन्हा घातली होती, आणि ती येताच टाळ्या पडल्या. शेवटचा भाग त्यानं पहिले आठ मात्राखंड नुसत्या व्हायोलिनवर हळू ठेवला. लोकांनी एकमेकांना गप्प केलं, सगळी वाद्यं जोरात येताच टाळ्या कडाडल्या आणि तो खूश झाला. मधली शांतता ही बरीच नंतर रुजलेली रीत आहे.

त्या रीतीला काही अर्थ नाही असं मात्र नाही. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग असा दणदणीत संपतो की हात आपोआप वर येतात. पण खरा शेवट पुढे आहे, चौथा भाग मंद आहे आणि विझत जातो. तिसऱ्यानंतर टाळ्या पडल्या तर काही बिघडत नाही. बिघडतं ते चौथ्यानंतर, शेवटचा सूर हवेत असतानाच कुणी 'ब्राव्हो' ओरडलं तर. खूण सोपी आहे : संचालकाचे हात पाहा. ते वर असतील तर संगीत चालू आहे, आवाज येत नसला तरी. भागांच्या मधे ते अर्धवट खाली येतात आणि वादक पान उलटतात. शेवटी हात पूर्ण खाली जातात, खांदे सैल होतात आणि व्हायोलिनचे गज मांडीवर येतात.